बीज कोणाचे?

संतती आणि वंश यांविषयी आपण मराठी माणसे जेव्हा बोलतो, तेव्हा नकळत शेतकऱ्याची भाषा बोलत असतो. पुरुष म्हणजे बीज, स्त्री म्हणजे शेत. जसे बीज तसे रोप, आणि पीक आले नाही तर दोष जमिनीचा. हे रूपक फार जुने आहे. मनुस्मृतीत ते स्पष्ट शब्दांत आलेले आहे. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली याच रूपकावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. पीक ज्याचे बीज त्याचे, शेताला पिकावर हक्क नाही, हा न्याय माणसांना लावला की मूल बापाचे ठरते आणि आई केवळ धारण करणारी उरते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या जिल्ह्यात गेली अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना या रूपकाचे परिणाम मी रोज पाहत आलो आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने एक साधा विषय मांडण्याचे योजिले आहे. सजीवांतील प्रजननाचा जो धडा शाळेत शिकवला जातो, किंवा खरे म्हणजे 'घरी वाचून या' असे सांगून ओलांडला जातो, तो समाजाला समजावून सांगणे हे आपणा डॉक्टरांचेच कर्तव्य आहे, असे माझे मत आहे.

प्रथम हे रूपक शेतीच्या कसोटीवर तरी उतरते का, ते पाहू. आदिलाबादचा माणूस कापूस जाणतो. पऱ्हाटीला पाते लागते, पात्याचे फूल होते, फुलाचे बोंड होते. पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असणारे फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते, तोवर आतले काम बहुधा उरकलेले असते. फुलातील पराग कुक्षीवर पडतो, परागनलिका खाली वाढत जाते आणि बीजांडातील अंडपेशीशी नरयुग्मकाचा संयोग होतो. या संयोगानंतर जे तयार होते ते बीज, म्हणजे आपली सरकी. तेव्हा बीज ही नराची वस्तू नव्हेच. बीज हे मातापित्यांचे अपत्य आहे. त्याच्या पोटात अंकुर आधीच निजलेला असतो. नराकडून येतो तो केवळ पराग. इतकेच नव्हे, तर ज्याला आपण पांढरे सोने म्हणतो त्या कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे बीजांडाच्या बाह्यावरणातील एकेक लांबलेली पेशी होय. तो तंतू सर्वस्वी मातेच्या अंगाचा असतो. 'पुरुष बीज, स्त्री शेत' हे रूपक मनुष्याच्या बाबतीत चुकीचे आहेच, पण वनस्पतींच्या बाबतीतही ते चुकीचे आहे.

संकरित कापसाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस 'एच-४' हा १९७० साली सुरत येथील संशोधन केंद्रातून बाहेर आला. असे बियाणे तयार करताना संध्याकाळी मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर हाताने काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलाचा पराग तिच्या कुक्षीवर फिरवतात. दोन्ही वाणांचे गुण एकत्र यावेत म्हणून हा सारा खटाटोप. नराचे बीज तेवढे खरे असते, तर मादी वाण निवडण्याची गरजच काय होती? पुढच्या वर्षी तीच सरकी पेरली की पीक एकसारखे येत नाही, कारण आईबापांचे गुण नव्याने वाटले जातात. हे शास्त्र आपला शेतकरी दर हंगामात बियाण्याच्या पिशवीच्या किमतीतून अनुभवतो.

प्रजननाचे सर्वच मार्ग असे दोघांचे नसतात, हेही सांगायला हवे. हळद गड्ड्यापासून येते, केळ मुनव्यापासून, ऊस डोळ्यापासून, पानफुटीचे रोप पानाच्या कडेपासून. अमिबा दोन भागांत विभागतो, हायड्राला कळी फुटते. हे अलैंगिक प्रजनन. त्यात संतती जनकासारखीच तंतोतंत निपजते. म्हणूनच एखादा रोग आला की सारा मळा एकदम बसतो. लैंगिक प्रजननात दोन जीवांच्या गुणांची सरमिसळ होते, प्रत्येक अपत्य वेगळे होते आणि संकटात काही तरी टिकून राहतात. निसर्गाने एवढा खटाटोप केला तो या वेगळेपणासाठी.

आता माणसाकडे येऊ. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. अंडपेशी आणि शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र त्यांत जाते. अपत्याला २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून मिळतात. अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्र असते. शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असते. एक्सवाला शुक्राणू पोहोचला तर मुलगी, वायवाला पोहोचला तर मुलगा. यात आईच्या हाती काही नाही आणि वडिलांच्या इच्छेलाही काही वाव नाही. हे ज्ञान माणसाला सहज मिळालेले नाही. १६७७ मध्ये लेव्हेनहुकने शुक्राणू पाहिले, तेव्हा युरोपातील कित्येक विद्वानांना त्यात अख्खा चिमुकला माणूस बसलेला दिसू लागला. म्हणजे 'बीज आणि शेत' तेथेही होतेच. सस्तन प्राण्याची अंडपेशी १८२७ मध्ये फॉन बेअरने दाखवली. १८७६ मध्ये हर्टविगने समुद्री अर्चिनमध्ये दोन केंद्रकांचा संयोग पाहिला. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या विदुषीने पिठात होणाऱ्या भुंगेऱ्याच्या पेशी तपासून दाखवले की अपत्याचे लिंग नराकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते. आपल्या चरकसंहितेने तर गर्भाच्या घडणीत मातृज आणि पितृज असे दोन्ही भाव मानले आहेत. तेव्हा 'हे पाश्चात्त्यांचे खूळ' असे म्हणण्यासही जागा नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी विस्मयकारक वाटते. मुलीच्या अंडाशयातील अंडपेशी ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेल्या असतात. म्हणजे आपण प्रत्येक जण ज्या अंडपेशीपासून घडलो, ती आपल्या आजीच्या उदरात आकाराला आली होती. वंश केवळ बापाकडून चालतो असे मानणाऱ्यांनी याचा क्षणभर विचार करावा.

या अज्ञानाची किंमत कोण मोजते? तिसरी मुलगी झालेली सून मोजते. कायद्याने १९९४ मध्ये गर्भलिंगनिदानाला बंदी घातली, २००३ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला. परंतु कायदा सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत पोहोचतो, स्वयंपाकघरातील टोमण्यापर्यंत पोहोचत नाही. मूल न होणारी स्त्री ती किंमत मोजते. देवदेव, उपासतापास, अंगारेधुपारे आणि मग तपासण्या, या सर्वांतून ती एकटी जाते. वास्तविक वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा इतर कारणांसह आढळते, आणि वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व स्वस्त तपासणी आहे. तरीही 'त्यांना कशाला?' हा प्रश्न आजही सासूबाईंकडून येतोच.

गाय माजावर आली की ती कधी दाखवावी, हे शेतकऱ्याला नेमके ठाऊक असते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. परंतु आपल्या पत्नीची अंडपेशी पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते, ती जेमतेम एक दिवस टिकते आणि शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, हे त्याच घरात कोणासही माहीत नसते. पपईचे नर झाड कोणते आणि ताडाचे मादी झाड कोणते, हे जाणणारा माणूस आपल्या घरातील प्रश्नापुढे मुका होतो. गर्भाच्या मज्जानलिकेचे तोंड पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वीच. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून हवी. हे लग्नाआधी सांगितले तरच उपयोगाचे.

आपल्या परिसरात याला सिकलसेलची जोड आहे. गोंड, कोलाम, परधान या बांधवांत हा आजार आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी आजारी अपत्याची शक्यता चारात एक असते. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली' असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान आरंभिले. तपासणीचे रंगीत कार्ड हाती देणे सोपे आहे. परंतु गुणसूत्र म्हणजे काय हे ज्याला कधी सांगितलेच नाही, त्याने त्या कार्डाचे काय करावे?

मराठी समाजात हे बोलण्याचे धाडस कोणीच केले नाही असे नव्हे. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र सुरू केले होते. या कार्यापायी कर्वे यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या निधनापर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. कर्वे डॉक्टर नव्हते, गणितज्ञ होते, हे आपण लक्षात ठेवावे.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, हे बाईचे नशीबच, असे मानून त्या गप्प होत्या. ज्या अवयवांचे नावही घ्यायचे नाही, त्यांच्या दुखण्याची तक्रार कशी करायची? पुढे डॉ. राणी बंग यांनी युवकयुवतींसाठी 'तारुण्यभान' शिबिरे घेतली, तीही त्यांच्याच बोलीत. याउलट २००७ साली महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाला विधिमंडळातच विरोध झाला आणि तो कार्यक्रम थांबवण्यात आला.

त्या वेळी घेतलेला आक्षेप आजही घेतला जातो: अशा शिक्षणाने मुले बिघडतात. या आक्षेपामागील काळजी खरी आहे, म्हणून तिची टिंगल करू नये. परंतु आज प्रत्येक मुलाच्या हातात मोबाईल आहे. प्रश्न मुलांना कळावे की कळू नये हा उरलेलाच नाही. कोणाकडून कळावे एवढाच उरला आहे. मोबाईलवरील विकृत दृश्यांना अंडपेशीचे, पाळीचे, संमतीचे किंवा जबाबदारीचे काही देणेघेणे नसते. शरीराची नावे ज्या बालकाला माहीत आहेत, तेच बालक नको असलेला स्पर्श कोठे झाला हे सांगू शकते. आणि ज्या मुलीला पाळी येण्यापूर्वीच तिचा अर्थ समजावून सांगितला आहे, ती पहिल्या दिवशी भेदरत नाही.

हे काम आपल्याकडे मराठीतच का व्हावे, याचेही कारण आहे. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा बदलल्या, राज्य बदलले, २०१६ मध्ये जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. परंतु बेला, जैनद या भागांतील घराघरांत मराठी तशीच आहे, आणि पैनगंगेपलीकडील सोयरिकीही. तेलुगू व उर्दू आपण बाजारात, कचेरीत सहज बोलतो. परंतु पाळी, दिवस राहणे, अंगावरून जाणे, या गोष्टी बाई आपल्या आईच्या भाषेतच बोलते. तिच्या शब्दाला हिणवून पुस्तकी संज्ञा पुढे केली की ती पुन्हा मिटते.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येकाने वर्षातून दोन दिवस जवळच्या शाळेसाठी राखून ठेवावेत. धडा कापसाच्या फुलापासून सुरू करावा, माणसावर आणून संपवावा, आणि शिक्षकांना सोबत बसवावे. मुलींसाठी वेगळे बोलणे झाले तरी मुलांना वगळू नये. पाळी म्हणजे काय हे भावालाही कळायला हवे. नाव न लिहिता प्रश्न टाकण्यासाठी एक पेटी ठेवावी. खरे प्रश्न तिच्यातूनच येतात. वंध्यत्वाच्या पहिल्या भेटीलाच पतीला बोलवावे. आणि मुलगी झाल्यावर प्रसूतिगृहाच्या दारातच, सासूसासऱ्यांच्या समक्ष, एक्स आणि वाय यांची गोष्ट दोन मिनिटांत सांगावी. औषधाच्या चिठ्ठीइतकेच ते आपले काम आहे.

समाजातील ज्येष्ठांनाही एक विनंती आहे. लग्नात 'पुत्रवती भव' म्हणण्याऐवजी दुसरा एखादा आशीर्वाद शोधावा. मराठीत शुभ शब्दांचा तुटवडा नाही. आणि नातीने शाळेतील हा धडा समोर आणून ठेवला, तर पुस्तक मिटू नये. शेजारी बसून तिच्याबरोबर वाचावा. ज्यांनी आयुष्यभर पऱ्हाटी केली आहे, त्यांना त्यातील अर्धेअधिक आधीच ठाऊक आहे.