धुरा कुठे फुटला?

दिवाळी झाली की पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खाऊची दुकानं, पाळणे आणि रात्रभर नाटक! भंडाऱ्याहून पवनीला जाताना वाटेत अड्याळ लागतं. तिथल्या आमच्या नात्यातल्या पोरांनीही हौसेनं अर्ध्या तासाचं नाटुकलं बसवलं. बसवलं कसलं, पाडलंच म्हणा ना!

झालं असं, की दरबारात दूत बातमी घेऊन येतो, असा प्रवेश होता. दूत झाली होती सातवीतली एक मुलगी. राजा वाट बघतोय, प्रधान दोनदा घसा खाकरतोय आणि दूताचा पत्ताच नाही! शेवटी राजाच मुकुट सावरत आत बघायला गेला. मांडवात हा हशा! दुसऱ्या दिवशी जो तो तिलाच बोलू लागला. तिनं जाहीर करून टाकलं, "मी नाई करत आता नाटक." पंधरा दिवसांनी शेजारच्या गावात तोच खेळ होता. पोरांनी नवा दूत शोधायलाही घेतला.

तेवढ्यात पुण्याहून माझी पुतणी सुट्टीला आली. ती हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करते. म्हणाली, "काका, यांची 'रेट्रो' घेऊ का?" मला वाटलं, जुन्या गाण्यांचा कार्यक्रम! पण ते 'रेट्रोस्पेक्टिव्ह'चं लाडकं नाव, बरं का. म्हणजे मागे वळून बघायची बैठक.

सॉफ्टवेअरवाले बहुतेक दोनेक आठवड्यांचं काम ठरवतात, ते संपलं की तासभर बसतात आणि काय जमलं, कुठे अडलं ते बोलतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जाणकार जमले आणि त्यांनी 'अजाइल' पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांतलं शेवटचं तत्त्व हेच सांगतं, की ठरावीक काळानं मागे बघा आणि आपली रीत सुधारा. त्याच वर्षी नॉर्मन केर्थ यांचं अशा बैठकांवरचं पुस्तक आलं. त्यांची पहिली अट अशी, की त्या वेळी जे ठाऊक होतं आणि जे हाताशी होतं, त्यात प्रत्येकानं होईल तेवढं चांगलंच काम केलं, असं आधी मानायचं. मग बोलायचं.

मोठी माणसंही अशा बैठकीत गप्प बसतात हं! म्हणून तिला खेळाचं रूप देतात. कुणी फळ्यावर शिडाची होडी काढतं. वारा म्हणजे पुढे ढकलणाऱ्या गोष्टी, नांगर म्हणजे अडवणाऱ्या. पण अड्याळच्या पोरांना शिडाच्या होडीचं काय? ताईनं ओसरीवर खडूनं धानाची बांधीच काढली. पाणी म्हणजे ज्यानं काम वाढलं ते. तण म्हणजे आपलीच खोड. तुडतुडा म्हणजे बाहेरून आलेला त्रास. आणि धुरा, म्हणजे बांध, कुठे फुटला? जुन्या वह्यांच्या चिठ्ठ्या केल्या, भाताच्या शितांनी चिकटवायच्या. अट एकच, चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव नको आणि दुसऱ्या कुणाचंही नको.

पाण्यात आजीनं शिवलेले पोशाख आले. तुडतुड्यात 'लाइट गेली'. तणात सहा चिठ्ठ्या, सगळ्या एकच: 'तालमीला उशीर'. उशिरा येणाऱ्यांनीही तेच लिहिलं होतं!

धुऱ्यावर मात्र एक चिठ्ठी निघाली: 'दूत झोपली होती'. खसखस पिकली. मुलगी उठून जायला निघाली. मी असतो तर आधी लिहिणाऱ्याचा कान धरला असता. ताईनं चिठ्ठी उलटी ठेवली आणि विचारलं, "दूत कुठे उभा होता गं?"

"पेटीच्या मागं," मुलगी म्हणाली. "पेटी सुरू होती ना जी. प्रधान काय बोलला, मले आयकूच नाई आलं."

"मग आत जा, असं तिला कोण सांगणार होतं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कुणीच नाही! ते ठरवायचंच राहिलं होतं. प्रधान हळूच म्हणाला, "तू तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं का?"

मग दुरुस्त्यांचा पाऊस पडला. नवा पडदा काय, माइक काय! ताईनं एकच निवडायला लावली. पुढच्या वेळी पार पाडता येईल एवढीच घ्यायची, नाहीतर सगळंच तसंच राहतं, असा तिचा अनुभव. ठरलं ते असं: पडदा ओढणाऱ्या मुलानं वही आणि टॉर्च घेऊन विंगेत बसायचं आणि ज्याचा प्रवेश त्याच्या खांद्याला हात लावायचा. मुलगी म्हणाली, "मी पेटीमागं नाई उभी राहणार." म्हणजे दूत तीच!

शेजारच्या गावी दूत आला. वेळेवर नाही, चांगला एक वाक्य आधी! प्रधानाचं खाकरणं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शितांची वाटी घेऊन पोरं पुन्हा ओसरीवर हजर. पहिली चिठ्ठी पडदेवाल्याचीच होती: 'टॉर्च घाईत लागली.'