राईनपाड्याचा फॉरवर्ड आणि आपल्या हातातले मॉडेल

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारले. अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच घराघरांत पोहोचली होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती मर्यादा घातली: एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड. म्हणजे हे करता येत होते! तातडीचे ठरले ते देशभर असे बळी गेल्यावर. आयटीत टीम लीड झालेल्या आपल्या पोरापोरींनी हा पहिला धडा लिहून ठेवावा. चूक टीमची असते, जीव तिसऱ्याचाच जातो.

पण सगळे खापर मोबाईलवर फोडून भागणार नाही. भटका दिसला की चोर, ही शंका व्हॉट्सॲपने शिकवलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर राहिली. (त्या कायद्याच्या यादीत कोण होते, कोण नव्हते, हे जमाव तपासत बसत नाही.) आणि राईनपाडा ही तर आदिवासी वस्ती. खानदेशातल्या भिल्लांनाही इंग्रजांनी लुटारू म्हणूनच कागदावर चढवले होते. मारणारा आणि मरणारा, दोघांच्याही विरोधात नोंदी एकाच व्यवस्थेने लिहिल्या. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले.

आता एआय पोलिसी कामात आले आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये त्यासाठी ‘मार्वेल’ ही कंपनीच काढली. जुन्या नोंदींवर शिकवलेले कोणतेही मॉडेल जुनीच नजर शिकणार, फक्त तिला गणिताचा शिक्का मिळणार.

‘९५ टक्के अचूक’ म्हटले की मिटिंगमध्ये माना डोलतात. हिशेब करून बघा. दहा हजार लोकांत दहा गुन्हेगार आहेत असे धरू. असे मॉडेल त्यातले नऊ-दहा पकडेल आणि सोबत सुमारे पाचशे निरपराधांवर बोट ठेवेल. ते पाचशे कोण असतील, हे आम्ही सांगायची गरज आहे का?

आपल्यातला एक जण टीममध्ये बसला म्हणजे प्रतिनिधित्व झाले, असे आम्ही मानत नाही. गप्प बसलेला प्रतिनिधी व्यवस्थेला सोयीचाच असतो. डाटाला लेबल कोणी लावले, खोट्या संशयाची किंमत कोण मोजणार, हे त्याने रिलीजच्या आधी विचारले पाहिजे. नोकरीची भीती असेल तर एकट्याने नको, चौघांनी मिळून. बाबासाहेबांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटले, कारण दाद मागण्याची सोय नसेल तर हक्क कागदावरच राहतो. तुमच्या मॉडेलने ज्याला ‘संशयित’ म्हटले, त्याने दाद कुठे मागायची? त्याच्या मोबाईलमध्ये बॅलन्सही नसेल, आणि तो तेव्हा कुठल्या तरी परक्या गावच्या बाजारात उभा असेल.