घराला चार कोपरे असतात

नवीन घर बांधायचं ठरलं की घरात दोन कागद येतात. एक प्लॅन आणि दुसरं रंगीत चित्र. प्लॅन फारसा कुणाला कळत नाही, चित्र सगळ्यांना आवडतं. प्लॅनवर इंजिनिअर, गवंडी आणि एखादे जाणते काका बोलतात. बाकीच्यांनी चित्र बघून "छान आहे" म्हणायचं. माझं म्हणणं असं की या दोघांच्या मधला एक तिसरा कागद आपण मागून घेतला पाहिजे: आयसोमेट्रिक व्ह्यू. आणि तो एक नको, चार हवेत.

साहित्याच्या विद्यार्थिनीने यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण गोष्ट कुठल्या जागेवरून सांगितली यावर त्यात कोण दिसणार आणि कोण नाही हे ठरतं, हे आम्ही वर्गात रोज ऐकतो. चित्राचंही तेच आहे की.

ग्रीक भाषेत 'आयसोस' म्हणजे समान आणि 'मेट्रॉन' म्हणजे माप. या चित्रात उभी रेघ उभीच राहते, लांबी आणि रुंदीच्या रेघा आडव्या रेषेशी ३० अंशांत जातात आणि तिन्ही दिशांना एकच माप चालतं. रंगीत चित्रात जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, त्यामुळे पुढचा हॉल उगाच ऐसपैस वाटतो. इथे पुढची १० फुटी भिंत आणि मागची १० फुटी भिंत कागदावर सारखीच लांब येते. काटकोन मात्र काटकोन दिसत नाही आणि तिरक्या रेघेवर पट्टी ठेवून उपयोग नाही. तेवढं ध्यानात ठेवलं की प्लॅन न शिकलेल्या माणसालाही घर कळतं.

ही पद्धत व्यवस्थित नियमांत मांडली ती केंब्रिजच्या विल्यम फॅरिश या प्राध्यापकाने, १८२२ साली. तो यंत्रांवर व्याख्यानं द्यायचा. यंत्रांचे नमुने सुट्ट्या भागांतून जोडायचे आणि पुन्हा सोडवायचे. जोडणाऱ्या मदतनिसांना कळेल असं चित्र त्याला हवं होतं. म्हणजे या चित्राची गरज पडली तीच मुळी हाताने काम करणाऱ्यांसाठी.

आता ऑटोकॅडमध्ये हे काम फार सोपं झालंय. घराचं थ्री-डी मॉडेल तयार असेल तर साउथ-वेस्ट, साउथ-ईस्ट, नॉर्थ-ईस्ट, नॉर्थ-वेस्ट असे चार आयसोमेट्रिक व्ह्यू आयतेच मिळतात. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या ठोकळ्याचा एकेक कोपरा दाबायचा, बस्स. (नुसतं सपाट कागदावर ३० अंशांच्या रेघा मारून काढलेलं चित्र मात्र फिरत नाही, दुसरी बाजू हवी तर नव्याने काढावं लागतं.) तरी आपल्या हातात येतो एकच व्ह्यू, आणि तो नेहमी रस्त्याकडचा.

अडचण इथेच आहे. ठोकळ्याच्या सहा बाजूंपैकी या चित्रात तीनच दिसतात. आमच्या घराचं काम निघालं तेव्हा मिळालेल्या चित्रात व्हरांडा होता, गाडीची जागा होती, अंगणातला क्रूससुद्धा होता. आईने विचारलं, "मोरीतून परड्यात जायचं दार कुठं?" ड्राफ्ट्समनने मॉडेल फिरवलं. दार नव्हतंच. प्लॅनवर तोवर तिघांनी मान डोलावली होती.

आपल्याकडे स्वयंपाकघर, मोरी, दोरी, विहीर हे सगळं बहुतेक मागच्या बाजूला. दिवसातले सगळ्यात जास्त तास तिथे ज्या वावरतात, त्यांचंच घर चित्रात येत नाही.

छपराचा लेयर बंद करून दाखवा, असंही सांगायला हवं. पण तेही एकाच बाजूने पुरत नाही. आयसोमेट्रिक व्ह्यूमध्ये १० फूट उंच भिंत तिच्या मागची बरोबर १० फूट जमीन झाकते. म्हणजे १० बाय १० च्या स्वयंपाकघरातली फरशी पुढच्या भिंतीआड पूर्ण जाते. त्या भिंतीला लागून असलेला ओटा बघायचा तर समोरच्या कोपऱ्यातूनच बघावं लागणार.

"परवानगी प्लॅनवर मिळते, चित्रावर नाही," असं इंजिनिअर सांगतील. खरं आहे. म्हणून तर प्लॅनवर सही होण्याआधी हे चार कागद हवेत. मॉडेलमध्ये दार सरकवायला दोन मिनिटं लागतात. विटा चढल्यावर तेच दार म्हणजे तोडफोड, पैसे आणि वर "आता राहू दे" हे ऐकून घेणं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी काम निघणार असेल तर चारही व्ह्यू छपरासकट आणि छपराशिवाय मागा. प्रिंट काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा, सोबत एक पेन्सिल. आणि आई, आजी, काकू त्यावर काय खुणा करतात ते बघितल्यावरच इंजिनिअरला फोन करा.