शेजारची बातमी कोणी सांगायची?

पश्चिम आशियात क्षेपणास्त्र पडले तर पाचव्या मिनिटाला ते पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यात कळते. पण गल्लीच्या टोकाचे राखीव मैदान कोणाच्या घशात गेले, हे त्याच दिवाणखान्यात वर्षानुवर्षे कळत नाही. दिल्लीच्या स्टुडिओत बसून रोज रात्री राष्ट्राच्या भवितव्याचा निकाल लावणाऱ्यांना प्रभागातील तुंबलेल्या नाल्याशी काय कर्तव्य? मोठ्या दैनिकांच्या स्थानिक पुरवण्यांत बातमीपेक्षा गृहप्रकल्पांची चित्रेच मोठी! २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ‘पेड न्यूज’चे जे ओंगळवाणे दर्शन घडले, त्यानंतरही ज्यांचा या पानांवर पूर्ण विश्वास आहे, त्यांच्या भाबडेपणाला नमस्कारच केलेला बरा.

वस्तीने स्वतःचे वृत्तसंकेतस्थळ चालवावे, हा यावरचा मार्ग. मात्र हे काम थैलीशहांवर सोपवून भागत नाही, हा धडा अमेरिकेने घालून दिला आहे. २००७ साली तेथे ‘पॅच’ हा उपक्रम सुरू झाला. २००९ मध्ये ‘एओएल’ या बलाढ्य कंपनीने तो विकत घेतला आणि पाहता पाहता सुमारे ९०० गावा-उपनगरांची संकेतस्थळे उभी केली. पैसा होता, तंत्र होते, पगारी संपादक होते; मुळे मात्र रुजली नव्हती. तोटा आवरेना तेव्हा २०१३ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना घरी बसवण्यात आले आणि जानेवारी २०१४ मध्ये बहुतांश हिस्सा दुसऱ्याच्या हवाली करून कंपनी मोकळी झाली. ‘पॅच’ पुढे तगला, पण तो आटोपशीर होऊनच.

याउलट, सिएटल शहराच्या पश्चिम भागात वृत्तक्षेत्रातील एका दांपत्याने २००५ च्या अखेरीस ‘वेस्ट सिएटल ब्लॉग’ सुरू केले, ते आपल्या राहत्या परिसरापुरते. डिसेंबर २००६ च्या वादळात तेथील वीज गेली, तेव्हा परिसराची खबरबात देणारे म्हणून त्याचे नाव झाले. पुढे आसपासच्या दुकानदारांच्या जाहिरातींवर ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. कोट्यवधी डॉलर्सना जे साधले नाही, ते शेजारधर्माने साधले.

मराठी समाजाला हा वारसा परका नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, ते काही नफ्याच्या हिशेबाने नव्हे. नागपुरात १९२४ साली निघालेल्या ‘स्वातंत्र्य’ दैनिकाच्या संपादनाची धुरा काही काळ डॉ. हेडगेवारांनी वाहिली, पण निष्ठा असूनही पैशाअभावी ते पत्र फार काळ टिकले नाही. तेव्हा निष्ठेला घरटी वर्गणीची जोड हवीच.

या कामाची निकड किती, ते अलीकडेच दिसून आले. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचे राज्य होते. जाब विचारायला सभागृहच नव्हते! अशा वेळी वस्तीने डोळे उघडे ठेवायचे नाहीत, तर कोणी? माहिती अधिकार कायदा २००५ सालचा आहे. त्याचे चौथे कलम सार्वजनिक कार्यालयांना माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्यास सांगते. आठवड्यातून एकदा प्रभाग कार्यालयात जाणारे दोन निवृत्त गृहस्थ आणि संगणक जाणणारा एक तरुण, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. प्रसिद्धीसाठीही पैसे उधळायला नकोत. सोसायटीचा सूचनाफलक, वाचनालय, भजनी मंडळ, गणेशोत्सवाचा मांडव आणि कोपऱ्यावरचा वाणी ही आपली प्रसारमाध्यमे. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही एक बातमी वेळेवर आणि खरी दिली, की शंभर घरे जोडली जातात.

मात्र खरी कसोटी पुढे आहे. शहानिशा न करता आलेला संदेश पुढे ढकलणे म्हणजे समाजजागृती, असा समज आपल्याही घरांत बोकाळला आहे. एका खोट्या संदेशाने दहा वर्षांचे संपर्ककार्य मातीत जाते. त्याहून अवघड प्रश्न असा की, आपल्याच विचारांच्या नगरसेवकाच्या आशीर्वादाने पदपथ गिळला गेला, तर ती बातमी द्यायची की नाही? जे संकेतस्थळ येथे गप्प बसेल, ते पडद्यावर चढवलेला वाढदिवसाचा फ्लेक्स ठरेल. परक्यांच्या पक्षपातावर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्या माणसाविरुद्धचे सत्य छापूनच मिळवावा लागतो.

राष्ट्रकार्याच्या गप्पा मारताना दाराबाहेरचा अंधार दिसत नसेल, तर दिवा लावायला दुसरे कोणी येणार नाही.