बिल सरकार भरेल. बुडालेल्या मजुरीचे काय?

कातडीचा कॅन्सर हा गोऱ्यांचा रोग, असा आपल्याकडे समज आहे. गोऱ्या लोकांत त्याचे प्रमाण कितीतरी जास्त, हे खरे. पण भाजल्याच्या जुन्या व्रणात, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत तो आपल्याकडेही होतो. सावळ्या माणसांत त्याचा जहाल प्रकार, मेलॅनोमा, बऱ्याचदा तळपायावर निघतो. मजूर माणूस अशा जखमेला हळद लावतो आणि कामावर जातो. कारण दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे एक खाडा! रोग वाढतो तो असा.

राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली. २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचे नाव आहे आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार त्यात होतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हा पैसा रुग्णालयाला मिळतो. रुग्णाच्या घरची चूल कशावर पेटायची?

साधा हिशेब करू. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. सोबतीला घरचे एक माणूस लागतेच. २०२५-२६ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. सहा आठवड्यांत कामाचे ३६ दिवस धरले, तरी दोघांचे २२,४६४ रुपये बुडतात. मुंबईतले राहणे-खाणे वेगळेच. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फूटपाथवर पथारी टाकलेली कुटुंबे वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा अनेकांना आसरा देते. पण धर्मशाळा मजुरी कोठून देणार? मग सावकार येतो, शेळी विकली जाते, पोराची शाळा सुटते. नाहीतर उपचारच अर्धवट सुटतात.

यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्या खात्याला प्रा. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. पुढे १९४८ साली ईएसआय कायदा झाला. त्याचे तत्त्व सरळ आहे: आजारी कामगाराला औषध द्या आणि बुडालेला पगारही द्या. अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारकाला कॅन्सरमध्ये पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते.

मग ऊसतोड कामगार, नाका कामगार, शेतमजूर यांनी काय घोडे मारले आहे? त्यांचा घाम कमी खारट आहे काय? सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते. फुले यांच्या नावाची योजना चालवणाऱ्यांनी उपचाराच्या काळातली मजुरी त्याच योजनेत द्यावी. ही भीक नव्हे, कष्टकऱ्यांचा हक्क आहे. तो मागण्यासाठी आता संघटितपणे उभे राहावे लागेल.