मार्करवर बंदी नको, मार्करला जागा द्या

मुलांनी शाळेत परमनंट मार्कर आणण्यावर बंदी घालावी, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. बाकांवर कोरल्यासारखी ठळक नावे, दारांवर बाण मारलेले बदाम, पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर कधीही न जाणारे डाग. तक्रारी खऱ्या आहेत. तरीही बंदी हा उपाय आम्हाला पटत नाही. बंदीने मार्कर दप्तरातून खिशात जाईल, एवढेच होईल.

आधी हा पेन समजून घेऊ. शाईचे महत्त्व देवासकरांना सांगायला नको. तेथील बँक नोट प्रेसमध्ये नोटांच्या छपाईबरोबर शाईचाही कारखाना आहे. मार्करच्या शाईत रंग, रंगाला चिकटवून ठेवणारी राळ आणि लवकर उडून जाणारे द्रावक, बहुधा अल्कोहोल, असते. द्रावक उडाले की राळ रंगाला धरून ठेवते. म्हणून स्केचपेन जेथे घसरतो त्या काचेवर, पत्र्यावर आणि प्लास्टिकवर मार्कर टिकतो. काचेवरची रेघ स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येते. दगडाचे आणि चुन्याच्या गिलाव्याचे तसे नाही. तेथे शाई छिद्रांत मुरते, आणि ती घासून काढायची तर वरचा थरही झिजतो.

येथे मांडवची आठवण होते. पावसाळ्यात आपल्याकडची बहुतेक घरे एकदा तरी जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप पाहून येतात. शेकडो वर्षे पावसाला तोंड दिलेल्या अशा भिंतींवर कोणी आपले नाव लिहिले, तर ते दोन मिनिटांचे काम पिढ्यांना छळते. संरक्षित स्मारक विद्रूप करणे हा 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलांना हे सांगितलेच पाहिजे. पण केवळ धाक पुरत नाही. आपली काहीतरी खूण मागे राहावी ही इच्छा वाईट नाही. तिला योग्य जागा मिळाली नाही, की ती भिंत शोधते.

दुसरा मुद्दा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. चित्रकलेच्या तासाला मुले एक रेघ मारतात आणि तीनदा खोडतात. कागद झिजतो, चित्र अर्धेच राहते, आणि “मला चित्र येत नाही” हे वाक्य पक्के होते. मार्करला खोडरबर नाही. म्हणून हात टेकवण्याआधी डोळ्यांनी नीट पाहावे लागते. रेघ चुकलीच, तर तिचे पान करा, पक्षी करा, पण पुढे जा.

धार जिल्ह्यातील बागच्या छापकामाचा धडा हाच आहे. तेथील खत्री कारागीर हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर लाकडी ठप्प्यांनी छपाई करतात. काळ्यासाठी लोखंडाचा क्षार, लालसाठी तुरटी. उमटलेला ठप्पा परत उचलता येत नाही. कारागिराचा हात सरावाने स्थिर होतो, खोडून नव्हे. बागचा रंग धाग्यातच तयार होतो. मार्करचा रंग मात्र नावाने ‘परमनंट’ असला तरी उन्हात बरेचदा फिका पडतो. तेव्हा चित्र खिडकीसमोर टांगू नका.

करण्यासारखे पुष्कळ आहे. लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर बाहेरून वेलबुट्टी काढून आत विजेचा छोटा दिवा ठेवा, दिवाळीचा कंदील तयार. बाद झालेल्या सीडीवर काळ्या रेघांचा मोर खुलून दिसतो. जुना सुती रुमाल वाटीवर ताणून रबरबँडने बांधा, रंगीत ठिपके द्या आणि मध्ये स्पिरिटचे थेंब टाका. रंग फुलासारखे पसरतात. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून आणि विस्तवापासून दूर करावे. कागदावर काढताना खाली पुठ्ठा ठेवावा. कपबशीवर काढायचे तर ओठ आणि अन्न लागणार नाही अशाच जागी. अंगावर चित्रे नकोत, आणि टोपण लगेच लावावे.

आमच्या तीन सूचना आहेत. पंधरा दिवसांतून चित्रकलेचा एक तास खोडरबराविना व्हावा. मार्कर शाळेनेच कपाटात ठेवून त्या तासाला वाटावेत, म्हणजे पालकांवर खर्च पडणार नाही आणि बाकही वाचतील. आणि शाळेच्या ओसरीत एक मोठा पत्रा लावावा, ज्यावर प्रत्येक मुलाला आपले नाव आणि एक चित्र काढता येईल. पत्रा भरला की तो जपून ठेवावा आणि दुसरा लावावा.

पालकांनी यावर आपले मत, विरोधी असले तरी, पुढच्या पालकसभेत अवश्य मांडावे. मात्र त्याआधी घरी एकदा मुलांच्या शेजारी बसून, खोडरबर बाजूला ठेवून, एक चित्र स्वतः काढून पाहावे, एवढीच विनंती.