उपग्रहाची साक्ष

मध्य प्रदेशाच्या वनखात्याने २०२५ साली पाच वनविभागांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली इशारायंत्रणा सुरू केली. उपग्रहाच्या प्रतिमांची तुलना करून जंगल कोठे तुटले, जमीन कोठे नांगरली गेली, हे ती हुडकते आणि त्या जागेची सूचना वनरक्षकाच्या मोबाइलवर पाठविते. हजारो हेक्टरांची राखण पायी करणाऱ्या वनरक्षकाला असे साहाय्य हवेच होते. या प्रयोगाचे स्वागत करताना त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहांच्या आधारे देशाच्या वनस्थितीचे अहवाल प्रसिद्ध करीत आहे. २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या २१.७६ टक्के भूमीवर वनाच्छादन आहे. मात्र किमान एक हेक्टर जमिनीवर दहा टक्के वृक्षछत्र आढळले की ती या हिशेबात वन ठरते. मालकी कोणाची वा झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. साहजिकच आमराई आणि देवराई एकाच बेरजेत येतात. संस्थेने ही व्याख्या कधी लपविलेली नाही. दोष आहे तो केवळ आकड्यावर संतुष्ट होणाऱ्यांचा.

हीच घाई इशारायंत्रणेच्या बाबतीत झाली, तर तिची किंमत गरिबाला मोजावी लागेल. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना २००६ च्या वनहक्क कायद्याने अधिकार दिला. उपग्रहाला शेत दिसते. ते कोण कोणत्या हक्काने कसतो, हे दिसत नाही. मोहाची झाडे राखून केलेले विरळ शेत तर प्रतिमेत जंगलासारखेच भासू शकते. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांनी बजावले आहे की, उपग्रहाची प्रतिमा इतर पुराव्याला पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा यंत्राचा इशारा ही चौकशीची सुरुवात मानावी, निकाल नव्हे. प्रत्येक इशाऱ्याची पाहणी ग्रामसभेच्या उपस्थितीत व्हावी आणि किती इशारे चुकीचे निघाले, हेही सरकारने जाहीर करावे. वनाचे रक्षण करण्याचा अधिकार त्याच कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो आपले जंगल वर्षानुवर्षे सांभाळल्यानंतर. आकाशातून येणाऱ्या वार्तेची शहानिशा अशा गावाशिवाय दुसरे कोण करणार?